खोक्याचे पदर मोजून माल पोचत नाही

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं : या वेळी पुठ्ठ्याचं पॅकिंग

खानापूर, बेळगाव, संकेश्वर, निपाणी, अथणी अशा सगळ्या पट्ट्यातून या वेळी पॅकिंगविषयी पत्रं आली. माल प्रत्येकाचा वेगळा, पण बऱ्याच पत्रांत एक वाक्य सारखंच आहे : ‘बॉक्सवाला म्हणतो, अजून दोन पदर वाढवा.’ पदर, म्हणजे पुठ्ठ्यातले कागदाचे थर, वाढवून कधी काम भागतं, पुष्कळदा नुसतं बिल वाढतं. म्हणून उत्तरं देताना पदरांच्या आधी तीन गोष्टी बघितल्या आहेत : मार कुठून बसतो, खोका कोणत्या हवेत राहतो आणि कागद नेमका कसला आहे.

प्रश्न : आम्ही लाल मातीची भांडी करतो आणि पुण्याला, बेंगळूरला कुरिअरनं पाठवतो. पाच पदरी खोका, प्रत्येक भांड्याला बबल रॅपचे दोन वेढे, एका खोक्यात सहा भांडी. तरी दर खेपेला एखाद-दुसरं फुटतंच. पूर्वी पिंजरात (पेंढ्यात) भरलेली भांडी गाडीतून धड जायची. आता काय चुकतंय? मोठी भांडी एकेकटी पाठवायची तर ती कशी भरावीत?
– कुंभारकाम करणारे वाचक, खानापूर

उत्तर : फुटकं भांडं टाकून देण्याआधी ते कुठे फुटलंय ते ग्राहकाकडून फोटो मागवून बघा. पोटावर फुटलं असेल तर शेजारचं भांडं येऊन आदळलं. काठ किंवा मान गेली असेल तर खोका डोक्यावर पडला. बुडापासून चहूकडे भेगा गेल्या असतील तर खाली गादी नव्हती. तुमच्या मांडणीत पहिलाच प्रकार जास्त असणार. बबल रॅपनं ओरखडे वाचतात, थोडा धक्काही तो खातो. पण दोन भांड्यांच्या मध्ये दाबून बसलेले फुगे रस्त्याच्या हादऱ्यांत चपटे होतात आणि भांड्याला भांडं टेकतं. बाहेरचा पुठ्ठा पाच पदरी असो की सात, आतल्या टकरीशी त्याचा संबंध नाही.

पिंजराचं म्हणाल तर, आपल्याच माणसांनी भरलेला आणि आपल्याच माणसांनी उतरवलेला ट्रक असेल, तर पिंजराला आजही तोड नाही. कुरिअरमध्ये खोका अनेक हातांतून जातो आणि कमरेच्या उंचीवरून पडतो, हे धरूनच चालावं लागतं. शिवाय हादऱ्यांनी पिंजर खाली बसतं, वर दोन-तीन बोटं पोकळी होते, आणि तुमच्याकडच्या पावसात त्याला बुरशी धरते. ओलसर पिंजर खोक्याला आतून मऊ करतं ते निराळंच.

लहान भांड्यांसाठी कप्पे करा. तीन पदरी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना निम्म्या उंचीपर्यंत खाचा पाडून त्या एकमेकींत अडकवायच्या. पुठ्ठ्याच्या मधल्या नागमोडी कागदाच्या (फ्लूटच्या) नळ्या या पट्ट्यांत उभ्या आल्या पाहिजेत. पट्टीची उंची खोक्याच्या आतल्या उंचीपेक्षा जेमतेम २ ते ३ मिलिमीटर कमी ठेवा. आखूड ठेवली तर कप्पे वरचा भार घेत नाहीत, झाकण दबून थेट भांड्याच्या काठावर येतं. भांडं आणि कप्प्याची भिंत यांत सगळीकडून १ ते १.५ सेंटिमीटर जागा सोडा आणि ती कागदाच्या कातरणानं भरा. तळाला आणि वर एकेक गादी हवीच.

मोठं भांडं घेऊ : २० सेंटिमीटर व्यास, २२ उंची, वजन दीड किलो. सगळ्यांत सुरक्षित पद्धत म्हणजे खोक्यात खोका. आतल्या तीन पदरी खोक्यात ३ सेंटिमीटर मोकळीक, त्याच्या बाहेर ५ सेंटिमीटर गादी आणि मग पाच पदरी खोका. पण बाहेरचं माप ३८ × ३८ × ४१ च्या घरात जातं. बरेच कुरिअरवाले लांबी × रुंदी × उंचीला ५००० नं भागून आकारमानाचं वजन काढतात (भाजक तुमच्या कुरिअरला विचारून घ्या). इथे ते जवळपास १२ किलो होतं. दीड किलोच्या भांड्याला बारा किलोचं भाडं कोण देणार? हजारो रुपयांच्या नक्षीदार नगाला ठीक, रोजच्या मालाला नाही.

रोजच्या मालासाठी एकच पाच पदरी खोका घ्या, आतून २८ × २८ × ३१. बाहेरून तो साधारण २९.५ × २९.५ × ३३.५ भरतो, म्हणजे आकारमानाचं वजन सहा किलोच्या आत. आतली रचना अशी. तीन पदरी पुठ्ठ्याची २८ सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या, साडेचार सेंटिमीटरवर उलटसुलट घड्या घालून ती हार्मोनियमच्या भात्यासारखी दुमडा आणि घड्यांचे कंगोरे वर येतील अशी तळाशी ठेवा. तिच्यावर एक सपाट तुकडा. गादीसाठी पुठ्ठ्याचे आठ-दहा थर एकावर एक चिकटवायचा मोह होतो, तो टाळा. असा ठोकळा दीड किलोच्या भांड्याखाली दबतच नाही, आणि जी गादी दबत नाही ती धक्का खात नाही, तो भांड्यात उतरतो.

त्यावर २८ × २८ चे चौकोन, मध्ये गोल भोक पाडलेले. एक जोडी बुडाजवळ, दुसरी मानेच्या खाली. जोडीतले दोन तुकडे नळ्या एकमेकींना आडव्या ठेवून चिकटवा. भोकाचा व्यास त्या उंचीवरच्या भांड्याच्या व्यासापेक्षा ५ मिलिमीटर मोठा. दोन्ही जोड्यांमधलं अंतर राखायला चारही कोपऱ्यांत काटकोनात दुमडलेल्या उभ्या पट्ट्या लावा. भांड्याचं पोट कशालाच टेकू नये; पकड बुडाशी आणि खांद्यावर. कान किंवा तोटी असेल तर ती खोक्याच्या कोपऱ्याच्या दिशेनं वळवून ठेवा, तिथे जागा सगळ्यांत जास्त मिळते. शेवटी वर पुन्हा सपाट तुकडा आणि भात्याची गादी. झाकण मिटताना किंचित दाबावं लागलं पाहिजे. हलवून बघितल्यावर आत काही सरकल्याचं जाणवलं तर भरणी कमी आहे.

पहिली खेप पाठवण्याआधी एक खोका मुद्दाम पाडा. इस्टा १-ए या पार्सल तपासायच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत १० किलोपेक्षा हलक्या खोक्याला ७६ सेंटिमीटर उंची धरतात, म्हणजे साधारण टेबलाची उंची. एकूण दहा आपटी : आधी तळाचा एक कोपरा, मग त्याच कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडा, मग सहाही बाजू सपाट. खाली सिमेंटची जमीन हवी, सतरंजी नको. भट्टीत किंचित वाकडं निघालेलं भांडं यासाठी चालेल, तडा गेलेलं मात्र नको, नाहीतर निकाल कळणार नाही. पुठ्ठ्याची गादी मोठ्या आपटीनंतर पुन्हा फुगत नाही, म्हणून परत आलेल्या खोक्यातल्या गाद्या दुसऱ्यांदा वापरू नका.

प्रश्न : आमच्याकडून मशीनिंग केलेले बिडाचे भाग जातात. खोका ३५ × २५ × २०, पाच पदरी, चार नग मिळून २२ किलो. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये तळ उघडतो. बॉक्सवाला सात पदरी करू म्हणतो. पावसाळ्यात कधीकधी गंजाचीही तक्रार येते.
– वर्कशॉपचालक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : सात पदरीला होकार देण्याआधी कागदाचा हिशेब मागा. कागदाची फुटण्याची ताकद, म्हणजे बर्स्टिंग स्ट्रेंग्थ, काढायची रीत सोपी आहे : बीएफ × जीएसएम ÷ १०००, उत्तर किलो प्रति चौरस सेंटिमीटर. बीएफ म्हणजे बर्स्टिंग फॅक्टर, कागदाच्या मजबुतीचा आकडा; जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. खोक्यासाठी सपाट कागदांची पूर्ण ताकद धरतात आणि नागमोडी कागदांची निम्मी.

आता १५० जीएसएम, १८ बीएफचा पाच पदरी खोका घ्या. प्रत्येक कागद २.७. तीन सपाट कागदांचे ८.१, दोन नागमोडींचे निम्म्यानं २.७, एकूण १०.८. दुसरीकडे १०० जीएसएम, १४ बीएफचा सात पदरी. प्रत्येक कागद १.४. चार सपाट ५.६, तीन नागमोडी निम्म्यानं २.१, एकूण ७.७. म्हणजे दोन पदर वाढले आणि खोका कमजोर झाला. ऑर्डरवर ‘सात पदरी’ एवढंच लिहिलं तर हा दुसरा खोका तुमच्या दारात येऊ शकतो, आणि बॉक्सवाल्याला बोलायलाही जागा राहत नाही. तुमच्या मालाला १५० जीएसएम, २२ बीएफचा पाच पदरी घ्या. त्याच हिशेबानं तो १३.२ भरतो.

तुम्हाला फुटण्याची ताकद पाहायची, कारण तुमचा माल स्वतः भार पेलतो आणि खोका आतून बाहेर फुटतो. मिठाई, कपडे असा मऊ माल असेल तर उलटं, तिथे खोक्याच्या भिंती भार पेलतात आणि वेगळा आकडा लागतो. तो गुळाच्या प्रश्नात खाली येतोच.

तळ उघडण्यामागे मात्र बहुधा पुठ्ठा नाहीच. साध्या खोक्याचे लांब फ्लॅप मध्यावर एकमेकांना भेटतात, आणि २२ किलोचा भार त्या फटीवरच्या एका टेपवर येतो. तळ एच आकारात चिकटवा : मधल्या फटीवर एक पट्टी, दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक, आणि मधली पट्टी भिंतीवर ६ ते ७ सेंटिमीटर वर चढलेली. आत ३४.५ × २४.५ चा पाच पदरी तुकडा तळाला टाका, म्हणजे फटीवर थेट लोखंड बसणार नाही. वरून १२ मिलिमीटरच्या दोन प्लास्टिक पट्ट्या फटीला आडव्या आवळा. एवढं करूनही भागलं नाही तर लांब फ्लॅप पूर्ण एकावर एक येतील असा खोका सांगा. कागद जास्त लागतो, पण सात पदरीपेक्षा तो खर्च कामी येतो. बाजूचा जोड पिनांचा असेल तर दोन पिनांत ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको.

नगांच्या मध्ये दोन सेंटिमीटर जरी पोकळी राहिली तरी साडेपाच किलोचा नग प्रत्येक खड्ड्यात भिंतीला हातोडा मारतो. चार नगांत पाच पदरी आडवे-उभे कप्पे घाला आणि धारदार कडा भिंतीकडे येऊ देऊ नका.

गंजाला पुठ्ठाही थोडा जबाबदार असतो. तो हवेतली ओल शोषतो, आणि रद्दीपासून केलेल्या कागदातले क्षार बिडाला टेकले की डाग धरतात. भाग धुऊन, कूलंट पूर्ण काढून, कोरडा आणि थंड झाल्यावरच भरा. गरम नग पिशवीत घातला की आत घाम येतो. उघड्या हातांनी मशीन केलेल्या बाजूला हात लावू नये, बोटांच्या ठशांवर गंज येतो. मग व्हीसीआय पिशवी (गंज रोखणारी वाफ सोडणारी), आणि तिचं तोंड बंद. व्हीसीआय कागद वापरत असाल तर लेप असलेली बाजू धातूकडे ठेवा. तोंड उघडी पिशवी आणि साधी प्लास्टिकची पिशवी यांत फारसा फरक राहत नाही. निर्यातीचा माल लाकडी पॅलेटवर जात असेल तर लाकडाला आयएसपीएम-१५ या (लाकडातून कीड परदेशी जाऊ नये म्हणून केलेल्या) आंतरराष्ट्रीय नियमाची उष्णता प्रक्रिया (गाभ्यात ५६ अंश, सलग ३० मिनिटं) आणि तिचा शिक्का लागतो. पुठ्ठ्याला हा नियम नाही.

प्रश्न : एक किलोच्या वीस ढेपा, खोका ४८ × २० × २०, तीन पदरी. हंगामात दहाची थप्पी लावतो, काही होत नाही. मिरग लागला की तळचे खोके बसतात, ढेपा चिकटतात. खोका तोच, गूळ तोच. असं का?
– गूळ व्यापारी, संकेश्वर

उत्तर : हंगामात तुमचा खोका भार पेलतच नव्हता. कोरड्या हवेत गुळाची ढेप कडक असते, थप्पीचं वजन ढेपांवरून खाली जातं आणि पुठ्ठा नुसता वेष्टणाचं काम करतो. गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो. पाऊस सुरू झाला की ढेप पाझरते, मऊ होते, आणि सगळा भार अचानक भिंतींवर येतो. त्याच वेळी भिंतीही ओल पिऊन निम्म्या झालेल्या असतात.

हिशेब करून बघू. तळच्या खोक्यावर नऊ खोके, प्रत्येकी साडेवीस किलो, म्हणजे १८५ किलो. खोका किती पेलेल हे मॅकी यांच्या सूत्रानं काढतात : ५.८७ × पुठ्ठ्याच्या काठाची दाब सोसण्याची ताकद (ईसीटी, किलो प्रति सेंटिमीटर) × (जाडी × घेर) यांचं वर्गमूळ. घेर म्हणजे दोन लांब्या आणि दोन रुंद्या, तुमच्याकडे १३६ सेंटिमीटर. तीन पदरी पुठ्ठ्याची जाडी ०.४ सेंटिमीटर आणि ईसीटी ४ धरली तर उत्तर येतं १७३ किलो. तेही नवा, कोरडा, प्रयोगशाळेतला खोका. तुमचा खोका जानेवारीतही १८५ पेलणारा नव्हताच, ढेपांनी लाज राखली.

पावसाळ्यात यातून किती उरतं? हवेत ८० टक्के आर्द्रता असेल तर ताकद सुमारे ६८ टक्के राहते, ९० टक्क्यांना निम्म्याच्याही खाली जाते. तीन महिने सतत भाराखाली राहिलेला खोका ५५ टक्क्यांवर येतो. पुठ्ठा हळूहळू थकतो, एका दिवसात पेललेलं वजन तो नव्वद दिवस पेलत नाही. थप्पी थोडी इकडे-तिकडे झाली तर आणखी दहा टक्के गेले. ०.६८ × ०.५५ × ०.९ म्हणजे ०.३४ च्या आसपास. १८५ किलो पेलायला खोका कागदावर साडेपाचशे किलोचा हवा.

पाच पदरी, साडेसहा मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्यात हे बसवायचं तर ईसीटी जवळपास १० लागेल. असा पुठ्ठा मिळतो, पण गुळाच्या भावात तो परवडणं कठीण. त्यापेक्षा थप्पी सहाची करा. तळावर १०३ किलो, खोका ३०५ किलोचा, ईसीटी साडेपाच. हा सरळ साधा पाच पदरी खोका आहे. जागा कमी पडत असेल तर लाकडी फळ्यांची मांडणी (रॅक) उभी करा, म्हणजे वरच्या सहांचा भार खालच्या सहांवर येणार नाही.

आता थप्पीकडे. हमाल सांधेमोड थप्पी लावतात, कारण ती ढळत नाही. पण खोक्याच्या ताकदीचा जवळपास दोन तृतीयांश भाग चार उभ्या कोपऱ्यांत असतो. सांधेमोडीत वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या भिंतीच्या मध्यावर येतो, तिथे भिंत बाहेर फुगते. यात ताकद निम्म्यापर्यंत उतरते. म्हणून कोपऱ्यावर कोपरा ठेवून सरळ थप्पी लावा आणि ढळू नये म्हणून फक्त सगळ्यांत वरचा थर आडवा घाला. पॅलेटच्या बाहेर खोका दोन बोटंही लोंबू देऊ नका. त्या बाजूचे दोन कोपरे मग हवेतच राहतात.

खोक्यात ५० मायक्रॉनची अखंड प्लास्टिक पिशवी घालून तिचं तोंड पिळून बांधा. थप्पी जमिनीपासून १० आणि भिंतीपासून ३० सेंटिमीटर दूर. शहाबादी फरशीवर थेट ठेवलेला तळचा खोका खालून ओल ओढतो, वरून कितीही जाड असला तरी.

एक गोष्ट आवर्जून तपासा : नळ्या उभ्या आहेत ना? शीट वाचवायला कधीकधी खोका आडव्या नळ्यांचा कापला जातो. भिंतीची कड कापून बघितली की लगेच दिसतं. वर लावलेला सगळा हिशेब उभ्या नळ्यांचा आहे.

प्रश्न : बॉक्सवाला १५० जीएसएम सांगतो. खरं की खोटं कसं ओळखायचं? आमच्याकडे कुठलंही यंत्र नाही.
– खरेदी विभागातील वाचक, निपाणी

उत्तर : ब्लेड, पट्टी आणि ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पुरे. खोक्याच्या भिंतीतून, घडी किंवा छपाई नसलेल्या जागी, नेमका १० × १० सेंटिमीटरचा चौकोन कापा. कोमट पाण्यात अर्धा तास ठेवला की खळ सुटते. पदर हलक्या हातानं वेगळे करा, खळ बोटानं पुसा, रात्रभर फॅनखाली सुकवा. सपाट कागदाचं वजन गुणिले १०० म्हणजे जीएसएम : १.५० ग्रॅम भरला तर १५०.

नागमोडी कागदाला वेगळं सूत्र. सरळ केल्यावर तो १० सेंटिमीटरपेक्षा लांब भरतो, बारीक नागमोडीत (नॅरो फ्लूट) साधारण साडेतेरा, मोठ्या नागमोडीत (ब्रॉड) पंधराच्या आसपास. वजन गुणिले १०००, भागिले ती लांबी. १.७४ ग्रॅम आणि १४.५ सेंटिमीटर असेल तर १२० जीएसएम. खेळ बहुतेक इथेच होतो : बाहेरचा कागद सांगितल्याप्रमाणे, आतले नागमोडी ८०-१०० चे. पाच टक्के इकडे-तिकडे झालं तर भांडू नका, कागदात ओलीनं तेवढा फरक पडतोच.

बाहेरचा सोनेरी रंग बघून कागद ‘चांगला’ समजू नका, रंग कागदात घालता येतो. बीएफ घरी कळत नाही, त्याला बर्स्टिंग टेस्टर लागतो. बॉक्सवाल्याकडे तो असतो किंवा असायला हवा, समोर चाचणी मागा. मोठी ऑर्डर असेल तर मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगसारख्या संस्थेतून अहवाल घ्या. ऑर्डरमध्ये आतलं माप की बाहेरचं ते लिहा. पाच पदरी खोक्यात या दोन्हींत लांबी-रुंदीला एक-दीड सेंटिमीटरचा आणि उंचीला त्याहून जास्त फरक पडतो, आणि माल न बसण्याची निम्मी भांडणं इथून निघतात.

जाडीही मोजा. शीट जास्त दाबलं किंवा छपाईच्या रोलरखाली चेपलं की नळ्या बसतात. कागद पूर्ण वजनाचा असूनही खोका कमी पेलतो, कारण वरच्या सूत्रात जाडी वर्गमुळात आहे. भिंतीवर अंगठा दाबून बघा. जिथे छापील अक्षरं आहेत तिथे पुठ्ठा मऊ लागला तर ठसा फार दाबला गेलाय.

प्रश्न : कुंद्याचे अर्ध्या किलोचे डबे मुंबईला बसपार्सलनं जातात. बाहेरच्या खोक्यावर तुपाचे डाग येतात, वरचे डबे चेपतात, कधी आंबूस वास येतो.
– मिठाई व्यावसायिक, बेळगाव

उत्तर : वरचे डबे चेपतात म्हणजे खोक्यात वर मोकळी जागा आहे. झाकण आत दबतं आणि वरच्या थराला भार घ्यावा लागतो. खोक्याची आतली उंची डब्यांच्या थरांइतकीच ठेवा, आणि प्रत्येक थरात तीन पदरी तुकडा. मिठाईचा डबा भार पेलत नाही, म्हणून इथे बर्स्टिंगपेक्षा ईसीटी विचारा.

डागांसाठी : कुंदा पूर्ण निवल्यावर भरा. कोमट भरला तर वाफ झाकणाला लागून पाणी होतं, ते तुपासकट खाली उतरतं. आत फूडग्रेड ट्रे आणि वर सीलबंद फिल्म, किंवा निदान ग्रीसप्रूफ कागद. पुठ्ठा अन्नाला थेट लागू देऊ नये. वर्तमानपत्राचा कागद तर नकोच, २०१८ च्या अन्नसुरक्षा पॅकेजिंग नियमांत त्याला स्पष्ट मनाई आहे.

आंबूस वास खळीचा. पावसाळ्यात शीट नीट न सुकवता गठ्ठे बांधले की स्टार्चची खळ आंबते. नवे खोके आले की गठ्ठा सोडून मधला एक उघडा आणि आत नाक घालून बघा. वास असेल तर गठ्ठा परत. वाळवून वास कमी होतो, जात नाही.

प्रश्न : चपलांचा जोड ४५० ग्रॅमचा, कुरिअर दीड किलोचे पैसे घेतो. खोका ३० × १८ × १०.
– चर्मकार कारागीर, अथणी

उत्तर : तुमच्या खोक्याचं आकारमानाचं वजन १.०८ किलो येतं, म्हणून अर्ध्या किलोच्या टप्प्यांत ते दीडवर जातं. जोड टाच-अंगठा उलटसुलट, तळ बाहेर ठेवून भरा. २९ × १२ × ७ मध्ये तो बसला तर आकारमानाचं वजन अर्ध्या किलोच्या आत येतं आणि प्रत्यक्ष वजनाचाच टप्पा लागतो; खोक्यासकट ते अर्ध्या किलोच्या वर जातं, म्हणून एक किलोचा. मोठ्या नंबराला मात्र हे माप पुरणार नाही, त्याचा वेगळा खोका करा. दीड मिलिमीटरच्या ई फ्लूटचा (अगदी बारीक नागमोडीचा) तीन पदरी पुठ्ठा याला भरपूर झाला. चामड्याला बुरशी धरते, म्हणून हवाबंद प्लास्टिक नको. बटर पेपर आणि ५ ग्रॅम सिलिका जेलची पुडी घाला. अथणीच्या कोरड्या हवेत भरलेला जोड कोकणात किंवा गोव्यात उतरतो, हे ध्यानात ठेवून पुडी विसरू नका.

प्रश्न : टेप चांगल्या कंपनीचा घेतो, तरी सुटतो.
– अनेक वाचक

उत्तर : पुठ्ठ्यावर हात फिरवा. बोटांना भुकटी लागली तर टेप त्या भुकटीला चिकटतोय, कागदाला नाही. चिकटवण्याआधी कोरड्या फडक्यानं शिवण पुसा आणि लावल्यावर टेप अंगठ्यानं घासून दाबा. नुसता ओढून लावलेला टेप आणि घासलेला टेप यांत फार फरक असतो. ओल्या किंवा थंड पुठ्ठ्यावर तो धरत नाही, तेव्हा पावसाळ्यात भरायचे खोके आदल्या दिवशी कोरड्या खोलीत आणून ठेवा. टेप ताणून लावू नका, तो आखडतो आणि टोकं वर येतात. भुकटीचा पुठ्ठा बदलणं शक्य नसेल तर पाण्यानं ओला करून लावायचा गमचा कागदी टेप घ्या. तो कागदात मुरतो, आणि कुणी काढायचा प्रयत्न केला तर पुठ्ठ्यासकट फाटतो, त्यामुळे वाटेत खोका उघडला होता का तेही कळतं.